विहिरीत टांगलेली बाटली

पाण्यात अजिबात न विरघळणारी वस्तू या जगात नाही, असे ठामपणे मानणारे एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले, आणि ते नेमके माझे साडू निघाले. "न विरघळणारे असे काही नसते," ते म्हणत, "लोकांना धीर नसतो, एवढेच." दगड विरघळतो का, असे कोणी विचारले तर ते "विरघळतो" म्हणत. काच? "काचही. थोडी." सोन्याविषयी मात्र ते गप्प राहत, कारण ते मोजण्याजोगे साधन आपल्याजवळ नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि न मोजलेल्या गोष्टीवर बोलणे त्यांना असभ्यपणाचे वाटे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत आमच्या सासऱ्यांनी थट्टेने विचारले होते, "आणि जावईबापू, आमच्या धाकटीचा हट्ट?" साडूंनी क्षणभर विचार केला व गंभीरपणे म्हणाले, "किती अंशांना?" ओसरीवरची मंडळी हसली. ते हसले नाहीत, कारण त्यांनी खरोखरीच विचारले होते.

ते डोंबिवलीच्या एका शाळेत शास्त्र शिकवीत. स्वातंत्र्यानंतरची पाचसहा वर्षे होती. डोंबिवली म्हणजे तेव्हा स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना थोडी घरे, चार चाळी आणि मग भाताची शेते. अशाच एका चाळीत दोन खोल्या घेऊन ते राहत. मी ठाण्याच्या दिवाणी कोर्टात नोकरीला होतो. माझी पत्नी थोरली, त्यांची धाकटी. त्यामुळे बहिणींचे जाणे-येणे असे आणि त्या निमित्ताने मलाही महिन्यातून एकदा त्या चाळीत जाऊन बसावे लागे. माझा रसायनाशी संबंध साबणापुरता आहे. परंतु एखादा पदार्थ ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त किती विरघळतो हे कसे मोजावे, याविषयी माझ्याइतके ऐकून घेतलेला दुसरा कोर्टातला मनुष्य महाराष्ट्रात नसेल.

त्यांच्याकडे चहा घेणे हे धैर्याचे काम होते. ते साखर घालीत ती प्रमाणाबाहेर, आणि पेल्याच्या तळाशी ती न विरघळता थोडी शिल्लक राहिलेली दिसेपर्यंत पेला पुढे करीत नसत. "तळाशी काही उरले नाही तर पाणी तृप्त झाले की नाही, हे कळणार कसे?" हा त्यांचा सवाल असे. कोकमाच्या सरबताचेही तेच. एकदा उन्हाळ्यात सासरे ठाण्याहून भर उन्हात आले आणि कोपऱ्यातल्या सुरईतले पाणी त्यांनी उभ्यानेच पिऊन टाकले. ते पाणी साडूंनी तांब्याच्या भांड्यात उकळून, त्याची वाफ नळीतून थंड करून, थेंबाथेंबाने जमविलेले होते. त्यांच्या प्रयोगाला दुसरे पाणी चालत नसे. सासरे तोंड पुसत म्हणाले, "जावईबापू, तुमच्या पाण्याला चव नाही हो." साडूंचा चेहरा उजळला. "माझ्या पाण्याविषयी इतके चांगले आजवर कोणी बोलले नव्हते," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून भांडे चुलीवर चढविण्यास निघाले. तेव्हा चुलीवर भाकरी होती. ती उतरवावी लागली.

परंतु त्यांची खरी खोड वेगळी होती. कोणत्याही गोष्टीकडे दोन्ही बाजूंनी गेल्याशिवाय ती खरी मानावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता. मुळात ती त्यांच्या शास्त्रातली रीत. थंड पाण्यात पदार्थ घालून तो विरघळत विरघळत वर चढू द्यावयाचा, हा एक मार्ग. पाणी तापवून त्यात अधिक विरघळवावयाचे आणि मग ते थंड होताना जादा भाग तळाशी बसू द्यावयाचा, हा दुसरा. एक खालून येतो, एक वरून येतो. दोघे एकाच आकड्यावर भेटले तर तो आकडा खरा. नाही भेटले तर मापणारा उतावळा. ही रीत त्यांनी प्रयोगशाळेत ठेवली असती तर कोणाची हरकत नव्हती. पण ती त्यांनी संसारभर पसरली. घरापासून शाळेपर्यंतचे अंतर त्यांनी जाताना पावलांनी मोजले, येताना पुन्हा मोजले, आणि दोन्ही जुळली नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा मोजले, हे मुख्याध्यापकांना उशिराचे कारण सांगितले. वर्गात दोन मुले भांडली की आधी तक्रार करणाऱ्याचे आणि मग त्याच्या विरोधकाचे ऐकून, दोघे एकाच गोष्टीवर येईपर्यंत ते त्यांना घरी सोडीत नसत. मुले कंटाळून सख्य करीत. लग्नाच्या वेळचा प्रकार तर माझी मेहुणीच सांगे.

"भाऊजी, यांनी माझी चौकशी माझ्या मैत्रिणीकडे केली, ते ठीक. पण जिच्याशी माझं बोलणं बंद होतं, तिच्याकडेही गेले हो."

"मग?" मी विचारले.

"मग काय. दोघींची उत्तरं जुळली, म्हणून होकार दिला."

"कशात जुळली?"

"मी हट्टी आहे, यावर दोघींचं एकमत होतं," ती म्हणाली, आणि साडूंनी मान हलवून त्याला दुजोरा दिला.

त्या वर्षी त्यांचे सारे लक्ष एका पांढऱ्या भुकटीवर होते. मुंबईच्या ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली ते पदवीसाठी संशोधन करीत होते, त्यांनी ती स्वतः बनविलेली होती. पूर्वी कोणी केलेली नव्हती, म्हणून ती पाण्यात किती विरघळते हे कोणत्याही ग्रंथात नव्हते. तो आकडा काढणे हा साडूंच्या प्रबंधाचा गाभा होता. पदवी मिळाली तर मुंबईच्या महाविद्यालयात अध्यापकाची जागा त्यांना देण्याचे बोलणे झाले होते. प्राध्यापक वर्षअखेर निवृत्त होणार होते. भुकटी त्यांच्या हातची. संपली की संपली.

अडचण होती ती तापमानाची. मापण्याच्या साऱ्या काळात पाणी एकाच उष्णतेवर राहिले पाहिजे, आणि शाळेत तसे यंत्र नव्हते. साडू हातात तापमापक घेऊन डोंबिवली हिंडले. देवळाच्या गाभाऱ्यात त्यांनी तो ठेवून पाहिला, तेव्हा पुजाऱ्याने देवाला ताप आला आहे काय, अशी पृच्छा केली. शेवटी उत्तर त्यांच्याच चाळीच्या अंगणात मिळाले. अंगणातली विहीर खोल होती आणि तळाजवळचे पाणी पहाटे, दुपारी, माघात आणि वैशाखात जवळजवळ एकाच अंशावर राही. "अण्णा, या विहिरीला ऋतू ठाऊक नाहीत," असे त्यांनी मला ज्या स्वरात सांगितले, त्या स्वरात लोक मुलगा झाल्याचे सांगतात.

मग भुकटी आणि पाणी भरून, काचेचे बूच मेणाने बंद करून, वर रबरी कापड आवळून बाटली विहिरीत टांगली जाऊ लागली. बाटली सतत हलत राहावी लागते. तेही साधन विहिरीनेच पुरविले. साडूंनी बाटलीची दोरी रहाटाच्या आडव्या लाकडाला बांधली; चाळीतली कोणीही बाई पाणी शेंदू लागली की लाकूड थरथरे आणि खाली बाटली हिंदकळे. अशा रीतीने सारी चाळ नकळत प्रबंधाच्या कामाला लागली. नकळत फार दिवस राहिले नाही, कारण साडू कठड्याशी उभे राहून सूचना करू लागले.

"काकू, जरा हिसका देऊन ओढाल का?"

"मास्तर, तुमचा काढा ढवळायला मी बसले नाहीये हो इथे," कोपऱ्याच्या खोलीतल्या काकू म्हणत, आणि हिसका देत. सुनांना राग आला की त्या पाणी भरावयास जात व जोरजोराने ओढीत. सासवासुनांची कडाक्याची भांडणे झाली त्या आठवड्यात काम उत्तम झाले, असे साडूंचे निरीक्षण होते.

खालून चढणाऱ्या बाटलीचा आकडा मिळाला. आता वरून उतरणारी एकच बाटली राहिली होती आणि तिच्यात उरलेली सगळी भुकटी गेली होती. हा पदार्थ तळाशी बसण्यास फार संथ होता. पावसाळा लागेपर्यंत बाटलीला हात लावावयाचा नाही, असे साडूंनी ठरविले. प्राध्यापकांनी बजावलेच होते की एका बाजूचा आकडा ते स्वीकारणार नाहीत. मला ते पटले. आमच्या कोर्टात एकतर्फी हुकूमनामा होतो, पण त्याला कोणी मान देत नाही.

अशा स्थितीत चाळीच्या मालकांच्या मुलीचे लग्न निघाले. मालक गावचे जुने पाटील. पूर्वी भातशेती, आता चाळी. मनुष्य उदार होता. हळदीच्या दिवशी दुपारी त्यांनी चाळीतल्या प्रत्येक खोलीत बासुंदीचे भांडे पाठविले. माझी पत्नी त्या दिवशी बहिणीकडे गेली होती. तिचा निर्जळी सोमवार होता म्हणून तिने चाखली नाही, परंतु माझा वाटा डब्यात घालून संध्याकाळी ठाण्यास आणला. मी तो पूर्ण खाल्ला. अन्न टाकण्याची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातून उठू शकलो ते केवळ निरुपाय होता म्हणून. त्याच वेळी डोंबिवलीहून निरोप आला की अण्णांनी ताबडतोब यावे. पोट धरून मी गेलो. चाळीच्या मागच्या बाजूस पुरुषांची रांग होती, आणि एरवी एकमेकांशी न बोलणारे लोक तिथे हात जोडून पुढे जाऊ देण्याची विनंती करीत होते. अंगणात विहिरीवर मात्र एकही बाई नव्हती. रहाट उभा होता.

"भाऊजी, सगळे म्हणतात बाटलीचं विष पाण्यात उतरलं," मेहुणी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "पाटीलकाका येऊन गेले. बाटली काढा म्हणाले. बाटली गेली तर यांचं सगळं वर्ष गेलं. तुम्ही कोर्टातले, तुम्ही समजावा."

साडू खाटेवर बसले होते. त्यांना काही झाले नव्हते. साखरेचे प्रमाण पटले नाही म्हणून त्यांनी बासुंदीला हात लावला नव्हता. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

"अण्णा, तुमचे पोट बिघडले आहे?"

"बिघडले आहे."

"फार उत्तम झाले," ते म्हणाले आणि उठून उभे राहिले.

मी रागावण्याच्या स्थितीत नव्हतो. त्यांनी बोटांवर मोजीत विवेचन केले. चाळीच्या टोकाला एक सोवळ्यातल्या आजी राहत. त्या दुसऱ्याच्या हातचे काही खात नसत, पण पाणी याच विहिरीचे पीत. सकाळी साडू त्यांना पाहून आले होते. आजी ठणठणीत होत्या आणि तुळशीला प्रदक्षिणा घालीत होत्या. ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला मी. मी विहिरीचे पाणी प्यालो नव्हतो, ठाण्याचे नळाचे प्यालो होतो. फक्त बासुंदी खाल्ली होती, आणि माझी अवस्था समोर होती. "खालूनही आलो, वरूनही आलो," साडू म्हणाले. "दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात. दोष बासुंदीचा आहे."

पुरावा निर्विवाद होता. असा पुरावा आमच्या कोर्टात क्वचितच येतो. "चला, हेच बाहेर सांगा," मी म्हणालो.

आम्ही अंगणात गेलो. लोक जमलेच होते. पाटील कठड्याशी उभे होते. रात्रीच्या जागरणाने डोळे तारवटलेले. त्यांच्याजवळ दोन वयस्क पाहुणे होते. ते ठाण्याजवळच्या बाळकुमचे, नवऱ्या मुलाकडचे. लग्न त्याच दिवशी संध्याकाळी होते. हळद घेऊन आलेली त्यांची माणसे आदल्या दिवशी पाटलांकडे जेवून परतली होती आणि त्यांचीही तीच गत झाली होती.

"मास्तर, ती बाटली कारा," पाटील म्हणाले. "बाया पान्याला येत नाय. आज माझे घरात लगीन हाय."

पाहुण्यांपैकी थोरल्याने हात वर करून त्यांना थांबविले. "थांबा पाटील. आमची पन मानसं आजारी परली. दोस पान्याचा का जेवनाचा, त्ये आमाला कलूं द्या. मास्तर शिकलेला मानूस हाय. मास्तर, तुमीच सांगा."

पाटलांनी साडूंकडे पाहिले आणि मान खाली घातली. माझी खात्री आहे की त्या क्षणी दोष कशाचा हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांच्या ओट्यावर, खांबाला धरून, मुलगी उभी होती. अंगाला हळद लागलेली. तिच्या हातातल्या नव्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. ती त्या दुसऱ्या हाताने दाबून धरीत होती.

सगळे वाट पाहत होते. साडूंच्या जवळ दोन्ही बाजू होत्या. जुळलेला निष्कर्ष त्यांनी आयुष्यात कधी पोटात ठेवला नव्हता. एकदा तर सासऱ्यांच्या घरच्या श्राद्धाला त्यांनी भटजींना तांदळाचे वजन चुकल्याचे सांगितले होते. ते ओट्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाटली माझी आहे. मी काढतो."

त्यांनी पाण्याला दोष दिला नाही, जेवणालाही दिला नाही. बाटली माझी आहे, हे खरेच होते. ऐकणाऱ्यांनी जे समजावयाचे ते समजून घेतले. पाहुण्याने मान डोलावली. "बरं झालं. मग आमचं काय म्हननं नाय." चाळीतून कोणीतरी "शिकून काय उपयोग" असे काहीसे पुटपुटले. साडूंनी दोरी सोडली आणि बाटली स्वतः वर ओढली, हिसका न देता, अगदी सावकाश. मी बोलू शकलो असतो. परंतु मला तेव्हा त्वरेने चाळीच्या मागच्या बाजूस जावे लागले.

लग्न ठरल्या वेळी लागले. साडूंनी त्याच दुपारी बाटलीतले पाणी गाळले, आटविले, उरलेली भुकटी वाळवून पुन्हा पुन्हा तोलली. एकदा आटविलेली भुकटी पुन्हा प्रयोगाला चालत नसे. वरून येणारा आकडा अजून खाली उतरावयाचा होता. तो पहिल्या आकड्याला भेटला नाही. पाण्यात मिसळणाऱ्या वस्तूंवर शाळेतल्या पालकांचा विश्वास उडाल्यामुळे काही महिने त्यांच्या वर्गात मुले घरून पाणी आणीत. प्राध्यापक निवृत्त झाले. प्रबंध राहिला. साडू शाळेतच राहिले, आणि तिथूनच वयोमानाने सेवामुक्त झाले.

पाटील मात्र चार दिवसांनी, मुलगी मांडवपरतणीहून सुखरूप परत गेल्यावर, त्यांच्या खोलीत आले. मी तिथे होतो. ते खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले, "मास्तर, तुमी बोल्लां नाय."

"काय?" साडू म्हणाले.

"तुमाला म्हाईत व्हतं." पाटलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इहीर तुमची समजा. किती बी बाटल्या सोरा. कोन बोलतो त्ये मी बगतो."

"आता बाटलीत घालायला काही राहिले नाही, पाटील," साडू म्हणाले, आणि मेहुणीला चहा टाकण्यास सांगितले. तो चहा पाटलांनी तळाच्या साखरेसकट संपविला.

मी साडूंना त्या दिवसाविषयी कधी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. आकड्याविषयी मात्र एकदा विचारले. "दोहोंच्या मधे कोठेतरी आहे," ते म्हणाले. "खालच्याहून कमी नाही, वरच्याहून जास्त नाही. एवढे खात्रीने सांगता येते." त्यात खंत होती की समाधान, हे मला ओळखता आले नाही, मी त्या बाबतीत कच्चा आहे.

पुढे वर्षातून एकदा ते मुंबईस जात. तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात पदार्थांच्या विद्राव्यतेची नवी कोष्टके येत असत. आपली भुकटी कोणी पुन्हा बनविली का, तिचा आकडा कोणी काढला का, हे ते पाहत आणि येताना ठाण्यास उतरून माझ्याकडे जेवत. "यंदाही नाही," एवढेच सांगत. मी आमटी पुढे सरकवीत असे.

ते जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. गेल्या हिवाळ्यात माझे मुंबईस काम निघाले, आणि ते आटोपल्यावर मी त्या ग्रंथालयात गेलो. भुकटीचे लांबलचक नाव मला पाठ आहे. ते मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकले होते. तिथल्या तरुण गृहस्थांनी शिडी लावून जाड ग्रंथ काढून दिला आणि आपण रसायनशास्त्रातले कोण, असे अदबीने विचारले. मी कोणी नाही, असे सांगितले. चष्मा पुसून मी ओळीओळीवरून बोट फिरविले. नाव नव्हते.

"मिळालं का, आजोबा?" त्यांनी विचारले. "कशासाठी हवं होतं?"

घरचे काम आहे, असे मी म्हणालो, आणि पुढच्या वर्षीचा ग्रंथ साधारण केव्हा येतो, ते विचारून घेतले.